आईची जखम आणि सिस्टरांची वही

आईच्या छातीवरची जखम मी पहिल्यांदा पाहिली ती जून 2023 मध्ये, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या एका लहान खोलीत, आणि तीही तिथल्या सिस्टरांनी आईची परवानगी घेऊन मला आत बोलावले म्हणून. त्याआधी चार महिने आम्ही मायलेक विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आणि स्वयंपाकघरात राहत होतो, तरीही ती जखम केवढी आहे हे मला ठाऊक नव्हते. आई मोरीचे दार लावून घेऊन स्वतःच कापूस बदलत असे. घरात वास येत असे. मी उदबत्ती लावत असे, ती खिडकी उघडत असे, आणि त्याविषयी आम्ही दोघेही चकार शब्द काढत नसू.

आईला स्तनाचा कर्करोग होता. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, दोन वर्षे बरी गेली आणि मग त्याच जागी तो पुन्हा उलटला. ज्या रुग्णालयात उपचार चालू होते तिथे फेब्रुवारीत आम्हाला सांगण्यात आले की आता करण्यासारखे काही उरलेले नाही, घरी न्या आणि खाऊपिऊ घाला. घरी नेऊन नेमके काय करायचे, रात्री दुखले तर कोणाला विचारायचे, जखमेवर काय बांधायचे, यातले काहीही त्या दहा मिनिटांत कोणी बोलले नाही आणि विचारायचे मलाही सुचले नाही. पुढे इमारतीतल्या एका काकूंनी दुसऱ्या एका रुग्णालयातल्या उपशामक शुश्रूषेच्या, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या, ओपीडीविषयी सांगितले. तरीही मी तीन आठवडे टाळाटाळ केली, कारण तिथे नेणे म्हणजे आईच्या बाबतीत हात टेकणे, अशीच माझी समजूत होती. ते तीन आठवडे आईने विनाकारण सोसले, याची बोच मला आजही आहे.

पहिल्या दिवशी केसपेपर काढून आम्ही बाकावर बसलो तेव्हा मला वाटले होते की डॉक्टर तपासतील, औषधे लिहून देतील आणि सिस्टर फार तर वजन घेऊन पुढची तारीख देतील. प्रत्यक्षात आधी सिस्टरांनीच आत बोलावले आणि डॉक्टरांकडे पाठवण्यापूर्वी आम्हाला चाळीस मिनिटे दिली. त्यांनी आपली खुर्ची टेबलामागून काढून आईच्या शेजारी घेतली आणि विचारले, "आजी, सध्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" मी नेहमीच्या सवयीने उत्तर द्यायला लागलो. त्यांनी मला थांबवले आणि म्हणाल्या, "दादा, तुम्हालाही विचारणार आहे. आधी त्यांना सांगू द्या."

आई बराच वेळ पदराच्या काठाशी चाळा करत राहिली आणि मग एकच शब्द बोलली, "वासाचा."

मला वाटत होते की ती दुखण्याविषयी सांगेल. दुखत तर होतेच, पण गेले दोन महिने ती शेजारणींकडे का जात नव्हती, वीस वर्षे स्वतः चालवलेल्या भिशीच्या बैठकीलाही खाली का उतरत नव्हती, याचे उत्तर त्या एका शब्दात होते, आणि ते माझ्यासमोर पहिल्यांदा आले ते एका परक्या बाईंनी खुर्ची जवळ घेऊन विचारल्यामुळे.

मग त्यांनी एक छापील कागद काढला. वेदना, थकवा, गुंगी, मळमळ, भूक, धाप, उदासपणा, काळजी आणि एकंदर कसे वाटते, अशा नऊ गोष्टींना शून्य ते दहा यांपैकी आकडा द्यायचा असतो. ही मोजपट्टी कॅनडातल्या एडमंटन शहरात 1991 साली तयार झाली आणि आता जगभर वापरली जाते, हे मी नंतर वाचले. आईला मात्र दुखण्याला आकडा कसा द्यायचा ते कळेना. सिस्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "बरं, रुपयातले किती आणे दुखतं?" आई लगेच म्हणाली, "बारा आणे. रात्री पुरता रुपया." सिस्टरांनी कागदावर आकडे लिहिले आणि शेजारी आपल्या वहीत "बारा आणे" असे शब्दही लिहून ठेवले. त्या दिवसानंतर आमच्या घरात दुखणे आण्यांतच मोजले गेले.

त्याच दिवशी त्यांनी आईला विचारले की जखम मुलाला दाखवली तर चालेल का, कारण घरी ड्रेसिंग करायला हाताशी कोणीतरी लागेल. आईने मानेनेच नकार दिला. सिस्टरांनी आग्रह केला नाही. "आज नको, पुढच्या वेळी बघू," एवढेच म्हणाल्या. माझी बहीण साताऱ्याला असते, माझे लग्न झालेले नाही, घरात दुसरी बाईमाणूस नाही, हे सगळे त्यांनी तोवर विचारून घेतले होते. आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पडद्याआड त्या दोघींचे काही बोलणे झाले आणि मला आत बोलावले. आईच्याच साडीचा पदर त्यांनी अशा रीतीने लावला होता की फक्त जखमेएवढी जागा उघडी होती. आईने तोंड भिंतीकडे केले होते. त्या दिवशी मी फक्त गॉजच्या घड्या हातात दिल्या. तिसऱ्या खेपेला पाणी ओतले. चौथ्या खेपेला ड्रेसिंग मी केले आणि सिस्टर नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. सत्तरी उलटलेल्या आईला मुलापुढे लाज वाटू नये आणि मुलाचा हात थरथरू नये, या दोन्ही गोष्टींसाठी लागणारा वेळ त्यांनी आम्हाला घेऊ दिला.

त्यांनी शिकवलेली पद्धत इथे सविस्तर लिहीत आहे, कारण मला ती आधी कळली असती तर आईचे चार महिने वेगळे गेले असते. वास जखमेत मेलेल्या पेशींवर वाढणाऱ्या, हवेविना जगणाऱ्या जंतूंचा असतो. त्यावर मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून तिची पूड जखमेवर भुरभुरायची, हे डॉक्टरांनी लिहून दिले होते. पण ती पूड खलबत्त्यात कशी कुटायची, किती भुरभुरायची, त्याआधी जखम कशी धुवायची हे केसपेपरवर मावणारे नव्हते. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्यायची. उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात एक सपाट चमचा मीठ घालून ते पाणी जुन्या गॉजवर हळूहळू सोडायचे आणि गॉज आपोआप सुटेपर्यंत थांबायचे. आई मोरीत कोरडा कापूस ओढून काढत असे, त्यामुळे रोज रक्त येत होते. जखम चोळायची नाही, नुसती पाण्याने धुवायची. गॉज आणि जुन्या सुती साडीच्या घड्या स्टीलच्या डब्यात घालून कुकरमध्ये वाफवून घ्यायच्या, म्हणजे रोज बाजारातली महागडी पाकिटे लागत नाहीत. स्राव जास्त असेल तर वरून सॅनिटरी पॅड बांधायचे. शेवटी त्यांनी हळू आवाजात सांगितले की घरात एक गडद लाल किंवा काळा टॉवेल वेगळा काढून ठेवा. कधी अचानक जास्त रक्त आले तर तो दाबून धरा, पांढऱ्या कापडावर रक्त दिसते त्याहून कितीतरी जास्त वाटते आणि माणूस घाबरतो. तो टॉवेल वापरायची वेळ आली नाही, पण तो कपाटात आहे एवढ्यानेच मला रात्री झोप लागत असे.

पूड सुरू केल्यावर पाचव्या दिवशी सकाळी आई आपल्या कणकवलीकडच्या बोलीत म्हणाली, "आज वास येणा नाय." त्या संध्याकाळी ती कठडा धरून, एकेक पायरी मोजत, खाली भिशीच्या बायकांत जाऊन बसली.

मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या अफूपासून बनणाऱ्या औषधाची, गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी नाव काढताच माझ्या मनात पहिला विचार आला तो अफूचा, आणि शेजाऱ्यांनी तो बोलूनही दाखवला. सिस्टरांनी ती भीती हसण्यावारी नेली नाही. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मात्रेत व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते, पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल आणि मग उतरेल, गोळी दुखायला लागल्यावर नव्हे तर घड्याळाप्रमाणे द्यायची, हे त्यांनी एकेक करून सांगितले. दहा मिलिग्रॅमची अर्धी गोळी सकाळी सहा, दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा वाजता. रात्री दहाला मात्र पूर्ण गोळी, म्हणजे मध्यरात्री दोनला उठावे लागत नाही. सोबत रोज रात्री पोट साफ होण्याचे औषध न चुकता, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच. त्यांनी एका वहीवर घड्याळांची चित्रे काढून दिली आणि दिलेल्या प्रत्येक गोळीपुढे मी खूण करायची असे ठरले. पुढच्या भेटीत त्या ती वही पाहत, उरलेल्या गोळ्या मोजत आणि मगच पुढच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे पाठवत. अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्यामुळे परवान्यांचे जंजाळ इतके वाढले होते की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांसाठी ते सुटसुटीत झाले, तरी आजही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ती गोळी मिळत नाही. म्हणून त्या मोजणीचा मला कधी राग आला नाही. आईचा रुपया दोन आठवड्यांत चार आण्यांवर आला होता.

जाण्यायेण्याचा प्रश्नही सिस्टरांनीच सोडवला. लोकलच्या अपंगांसाठीच्या डब्यात कर्करुग्णांनाही बसता येते, हे इतकी वर्षे त्याच गाड्यांनी प्रवास करून मला माहीत नव्हते.

ऑगस्टमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. आईला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे पातळ व्हायला लागले. मी जुलाब समजून पोट साफ होण्याचे औषध आपल्या मनाने बंद केले आणि दुकानातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या. तीन दिवसांत तिचे पोट फुगले, मळमळ वाढली, आणि मी मनाशी धरले की रोग पोटात उतरला. बाहेर मुसळधार पाऊस होता, गाड्या रखडल्या होत्या. सिस्टरांनी दिलेल्या नंबरावर फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घट्ट शौच शेवटची कधी झाली होती?" मी वहीत पाहिले. सहा दिवस झाले होते. त्यांनी सांगितले की हे जुलाब नाहीत. आत खडे साचले आहेत आणि त्यांच्या बाजूने पातळ झिरपते आहे. आणलेल्या गोळ्या ताबडतोब बंद करा, या पावसात त्यांना घेऊन निघू नका. त्यांनी डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या दिवशी घरी भेट देणारे पथक पाठवले, एनिमा दिला गेला आणि संध्याकाळी आईने पेज मागितली. मी सिस्टरांची क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, हे बहुतेक घरांत होतं. पहिल्याच दिवशी जास्त ठासून सांगायला हवं होतं, ते माझं राहिलं." त्या दिवसापासून त्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी स्वतःहून फोन करू लागल्या. ते फोन पाच मिनिटांचे असत आणि त्यांत शौच, झोप, जेवण, जखम आणि माझी तब्येत, याच क्रमाने प्रश्न असत.

आईला आजार किती पुढे गेला आहे हे सांगायचे नाही, असे मी आणि बहिणीने ठरवले होते, आणि सिस्टरांनाही तशी विनंती केली होती. त्यांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही; म्हणाल्या, "मी आपण होऊन काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही." सप्टेंबरमध्ये ड्रेसिंग चालू असताना आईने विचारलेच, "सिस्टर, दिवाळीला मी असेन का गं?" माझ्या हातातली घडी तशीच राहिली. सिस्टरांनी हात पुसले, तिच्याकडे तोंड केले आणि विचारले, "आजी, दिवाळीत काय करायचं मनात आहे?" आई म्हणाली की भिशीच्या वहीत दोघींचे हप्ते अडकले आहेत, हिशेब मिटवून वही दुसरीच्या हाती द्यायला हवी, नाहीतर बायकांचे पैसे बुडतील. "मग ती वही आधी करू या," सिस्टर म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं?" आईने त्यांच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही तसंच वाटतं." सिस्टर म्हणाल्या, "हो आजी."

आईला सगळे आधीपासून ठाऊक होते. आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. गणपतीनंतरच्या आठवड्यात तिने भिशीची वही मिटवली.

आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहाची, सुरुवात ज्यांनी 1967 साली लंडनमध्ये केली त्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. शरीर, मन, नाती, पैसा आणि श्रद्धा या सगळ्यांचे मिळून जे दुखते त्याला त्यांनी "समग्र वेदना" म्हटले. हे वाचताना मला भिशीची वही आठवली. ते दुखणे कोणत्याही तपासणीत दिसणारे नव्हते. ते बाहेर आले कारण जखम धुता धुता तिच्याशी बोलणारे कोणीतरी तिथे होते. डॉक्टर आमच्याशी नेहमी चांगलेच वागले आणि औषधे त्यांनीच ठरवली; पण ती औषधे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, एका नोकरदार मुलाच्या हातून चालू राहिली ती सिस्टरांमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार अशा शुश्रूषेची गरज असलेल्यांपैकी सुमारे 14 टक्के लोकांनाच ती मिळते. डॉक्टर वाढायला हवेत हे खरेच, पण मला मनापासून वाटते की प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने निदान एक परिचारिका याच कामासाठी नेमावी, तिची वर्षावर्षाला बदली करू नये, आणि तिच्या फोनवर गेलेल्या वेळालाही काम म्हणून मोजावे.

ऑक्टोबरमध्ये आईला जिना उतरणे अशक्य झाले. सिस्टरांनी दोन्ही वाटा समोर ठेवल्या. वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, 1986 साली सुरू झालेले देशातले पहिले हॉस्पिस, तिथे पैसे लागत नाहीत. किंवा घरीच ठेवायचे असेल तर घरी काय काय लागेल तेही त्यांनी सांगितले. आईने घर निवडले. एअर बेड आणला, दर दोन तासांनी कूस बदलायचे वेळापत्रक भिंतीवर लावले. त्याच वेळी त्यांनी एक गोष्ट सांगितली जी एरवी कोणी सांगत नाही: घरी मृत्यू झाल्यास डॉक्टरांचा दाखला असल्याशिवाय स्मशानभूमीत अडते, आणि ज्यांनी शेवटच्या आजारात पाहिलेलेच नाही ते डॉक्टर दाखला देत नाहीत. म्हणून जवळच्या डॉक्टरांना आतापासून महिन्यातून दोनदा घरी बोलवा, त्यांना केसपेपर दाखवा, घरच्या मृत्यूसाठीचा 4-अ हा नमुना त्यांच्याकडे आहे का ते विचारून ठेवा. आई जिवंत असताना हे विचारायला मला जड गेले, पण मी विचारले.

दिवाळी आईने पाहिली. त्यानंतरच्या आठवड्यात तिला गोळी गिळता येईना, तेव्हा घरी येणाऱ्या पथकातल्या सिस्टरांनी दंडाच्या कातडीखाली एक बारीक सुई बसवून दिली आणि त्यातून औषध कसे द्यायचे ते मला व बहिणीला दाखवले. आमच्या सिस्टरांनी फोनवर पुढचे सगळे सांगून ठेवले होते: श्वास मध्येच थांबेल आणि पुन्हा सुरू होईल, घशात घरघर होईल, पाय गार पडतील, ती पाणी मागणार नाही, जबरदस्तीने पाजू नका, ओल्या कापसाने ओठ भिजवा, बोलत राहा. त्यांनी सांगितले तसेच घडले, म्हणून 24 नोव्हेंबरच्या पहाटे आम्ही रुग्णवाहिकेसाठी धावाधाव केली नाही. बहिणीने तिचे डोके मांडीवर घेतले होते. मी ओठ भिजवत होतो. साडेचारच्या सुमारास थांबलेला श्वास पुन्हा सुरू झाला नाही. डॉक्टर सहाला आले आणि त्यांनी दाखला दिला.

तेराव्यानंतर मी उरलेल्या गोळ्या परत करायला ओपीडीत गेलो. सिस्टरांनी त्या माझ्यासमोर मोजल्या, नोंदवहीत आकडा लिहिला, माझी सही घेतली. मग झोप लागते का, जेवण होते का, कामावर जायला लागलो का, हे विचारले आणि उत्तरे मिळेपर्यंत थांबल्या. माझ्या पिशवीत कुकरमध्ये वाफवलेल्या घड्यांचा स्टीलचा डबा होता; तो घरी ठेवणे मला जमत नव्हते आणि टाकून देणेही. सिस्टरांनी झाकण उघडून पाहिले. बाहेर बाकावर एक बाई आपल्या नवऱ्याचा केसपेपर घेऊन बसल्या होत्या, नवऱ्याच्या जबड्याला पंचा गुंडाळलेला होता आणि त्यावर डाग पसरला होता. "यांना आज ड्रेसिंग शिकवायचं आहे," सिस्टर म्हणाल्या, "आत बोलवायला मला दहा मिनिटं लागतील. तोवर घडी कशी घालायची तेवढं दाखवाल का?"

मी बाकावर त्या बाईंच्या शेजारी बसलो आणि डब्यातला गॉजचा एक तुकडा काढून मांडीवर उलगडला.